लाल बावटा कलापथक

मराठी शाहिरी व तमाशा यांना कामगार-शेतकरी चळवळीच्या व्यासपीठावर आणून नवे रूप देणारे शाहिरांचे पथक. स्थापना १९४४, मुंबई. अण्णाभाऊ साठे (१ ऑगस्ट १९२०–१८ जुलै १९६९), अमर शेख (२० ऑक्टोबर १९१६–२९ ऑगस्ट १९६९) व द. ना. गव्हाणकर हे त्याचे संस्थापक. एकसंध पथक म्हणून त्याचे आयुष्य फार मोठे नाही. परंतु मराठी लोकनाट्य आणि चळवळीचे गाणे या दोहोंना त्याने जे वळण लावले ते आजतागायत टिकून आहे. हा वारसा मात्र तिघांच्या नावे सारख्या प्रमाणात नोंदला गेलेला नाही. ज्याचे शब्द छापले गेले, तो वाङ्मयाच्या इतिहासात गेला. ज्याचा गळा पथकाला लाभला होता, त्याची कीर्ती मुख्यत्वे ऐकणाऱ्यांच्या आठवणींवर राहिली. तो गळा सोलापूर जिल्ह्याचा. म्हणून पथकाचा वृत्तांत तेथूनच सुरू करणे योग्य ठरते.

अमर शेख यांचा जन्म बार्शी येथील एका गरीब मुसलमान कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. बार्शी ही त्या वेळी कापसाची नामांकित बाजारपेठ होती. १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेने ती मुख्य लोहमार्गाला जोडली गेली होती, आणि पुढे हीच अरुंद रुळांची गाडी पंढरपूर व लातूरपर्यंत गेली. भगवंताचे देऊळ, वारीच्या वाटेवरील दिंड्या, आठवड्याचा बाजार आणि गिरणीचा भोंगा हे सारे या एका गावात एकत्र नांदत होते. जिल्ह्याच्या ठिकाणी, सोलापुरात, मराठीबरोबरच कानडी, तेलुगू व दखनी उर्दू रस्त्यावर कानी पडत. पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहीर राम जोशी हेही सोलापूरचेच. शाहिरी येथे परकी नव्हती. तिला नवा विषय मात्र अद्याप मिळावयाचा होता.

अमर शेखांना गाण्याचा पहिला संस्कार आई मुनेरबी यांच्याकडून मिळाला. या मुसलमान बाईला जात्यावरच्या मराठी ओव्या मुखोद्गत होत्या, ही गोष्ट त्या काळच्या खेड्यापाड्यांत अपवादात्मक नसली, तरी पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मोटारगाडीवर क्लिनर, मग गिरणीत कामगार असे त्यांचे तरुणपण गेले. ते चौदाव्या वर्षात असताना, मे १९३० मध्ये, सोलापुरात लष्करी कायदा जारी झाला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. जिल्ह्यातील एका पिढीच्या मनावर या घटनेचा जो ठसा उमटला, त्यापासून हा मुलगा दूर राहणे शक्यच नव्हते. तो राष्ट्रीय आंदोलनात ओढला गेला. पुढे बार्शीच्या गिरणीसंपात पुढाकार घेतल्यामुळे त्यांना तुरुंगवास घडला. विसापूरच्या तुरुंगात रघुनाथ कऱ्हाडकर यांच्या सहवासात ते साम्यवादी विचाराकडे वळले. सुटकेनंतर काही काळ ते कोल्हापूरला मास्टर विनायक यांच्या चित्रसंस्थेत होते. ‘अमर शेख’ हे नाव त्यांना तेथेच मिळाले.

अण्णाभाऊ साठे यांची वाट निराळी होती. ते वाटेगाव (ता. वाळवा, सध्याचा सांगली जिल्हा) येथील मातंग कुटुंबातले. शाळेशी त्यांचा संबंध जेमतेम दीड दिवसाचा. बालपणीच वडिलांबरोबर पायी मुंबईस येऊन त्यांनी मिळेल ते काम केले आणि माटुंग्याच्या लेबर कँपात चळवळीशी संबंध येऊन ते लिहू लागले. त्यांचा स्टालिनग्राडचा पोवाडा १९४३ चा. अफझलखानाच्या वधापासून चालत आलेल्या पोवाड्याच्या चालीत व्होल्गाकाठच्या शहराचा लढा बसविणे हे धाडस होते; ते यशस्वी झाले याचे कारण असे, की कामगार श्रोत्याला पोवाड्याचा बांधा आधीच परिचित होता आणि बातमी तेवढी नवी होती. याच सुमारास, मे १९४३ मध्ये, मुंबईत ‘इप्टा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अखिल भारतीय जननाट्य संघाची स्थापना झाली होती. युद्धकालीन महागाई व बंगालचा दुष्काळ यांनी विषयांची वाण ठेवली नव्हती. अशा वातावरणात हे तिघे एकत्र आले. लेखनाचा मोठा भाग अण्णाभाऊंचा, गायनाचा मुख्य भार अमर शेखांवर आणि गव्हाणकर हे गीतकार व शाहीर या दोन्ही नात्यांनी पथकाचे आधार, अशी सर्वसाधारण विभागणी होती. अर्थात ती काटेकोर कधीच नव्हती.

पथकाची साधने अगदी थोडी होती : डफ, तुणतुणे, ढोलकी, झांज आणि चार-सहा गळे. गिरणीचे फाटक, चाळीचे आवार, शेतकरी परिषदेचा मांडव यांपैकी काहीही रंगमंच होऊ शकत असे. सभेत पुढाऱ्यांच्या भाषणांपूर्वी शाहिरांनी उभे राहावे व मैदान भरून घ्यावे, ही पुढे सार्वत्रिक झालेली पद्धत रुळविण्यात या पथकाचा वाटा मोठा आहे. अमर शेखांचा आवाज पहाडी, ध्वनिक्षेपकाची फारशी पर्वा न करणारा होता. पण केवळ मोठा आवाज म्हणून त्याचे वर्णन करणे अपुरे ठरेल. ओवीतील हळवा लांब सूर आणि पोवाड्यातील झपाटा यांच्यामध्ये ते सहज ये-जा करीत. आईच्या जात्याचा ऋणानुबंध येथे ऐकू येतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

कलापथकाचे सर्वांत टिकाऊ कार्य तमाशाच्या रचनेत आहे. पारंपरिक तमाशा गण, गौळण, बतावणी व वग अशा क्रमाने चालतो. अण्णाभाऊंनी गणातील गणेशस्तवनाच्या जागी मातृभूमी, हुतात्मे व श्रमिक यांना वंदन आणले, कृष्ण-गौळणींचा भाग गाळला आणि वगाला समकालीन कथानक दिले. सोंगाड्या मात्र त्यांनी राखला, कारण उपहासाचे काम तोच करू शकत होता. अकलेची गोष्ट (१९४५) व देशभक्त घोटाळे (१९४६) ही त्याची आरंभीची उदाहरणे. सावकार, काळाबाजारवाला, निवडणुकीला उभा राहिलेला शेटजी ही पात्रे प्रेक्षकांच्या रोजच्या ओळखीची होती. त्यामुळे सोंगाड्याच्या एका कोटीवर सारे मैदान हसत असे. या बदलांचे संपूर्ण श्रेय एकट्या कलापथकाला देणे इतिहासाला धरून होणार नाही. सत्यशोधक जलशांनी व त्यानंतर आंबेडकरी जलशांनी तमाशाला प्रबोधनासाठी वाकविण्याचा प्रारंभ आधीच केला होता. वर्गीय आशय, शहरी कामगारांची भाषा व नाट्याची बांधीव गती ही मात्र कलापथकाची स्वतःची भर होय. पठ्ठे बापूरावांनी मुंबईचे वैभव लावणीत गायिले होते. अण्णाभाऊंनी त्याच लावणीच्या घाटात त्या वैभवाच्या पायाशी असलेली दुसरी, चाळी-झोपड्यांची मुंबई दाखविली.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध घातले आणि कलापथकाच्या कार्यक्रमांवरही बंदी आली. तमाशाला बंदी, तर त्याच प्रयोगाला ‘लोकनाट्य’ म्हणावे, असा मार्ग अण्णाभाऊंनी काढला. आज हा शब्द शिष्टसंमत वाटतो. त्याच्या प्रचारामागे पोलिसी मनाईहुकूम होता, याचा विसर पडलेला आहे. बंदी, कार्यकर्त्यांची धरपकड व पक्षांतर्गत मतभेद यांमुळे पथकाची एकजूट सैल झाली आणि अमर शेख स्वतःच्या कलापथकासह हिंडू लागले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात (१९५५–६०) मात्र जुने सूर पुन्हा एका कारणासाठी लागले. अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड याच काळातील. पोटासाठी मुंबईस आलेला गडी, मागे राहिलेली त्याची घरधनीण आणि भाषिक राज्याबाहेर राहिलेला मुलूख यांची सांगड तीत इतक्या सहजपणे घातली आहे, की विरहगीत कोठे संपते व राजकीय गीत कोठे सुरू होते, हे श्रोत्याला कळतही नाही. ती महाराष्ट्रभर पोहोचविण्यात अमर शेखांच्या गायनाचा मोठा भाग होता. गोवामुक्तीच्या लढ्यात आणि १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर संरक्षण निधीसाठीही ते गावोगाव गायिले.

अमर शेखांनी लेखनही केले. अमरगीत (१९५१), कलश (१९५८), धरतीमाता (१९६३) हे संग्रह व पहिला बळी (१९५१) हे नाटक त्यांच्या नावावर आहे. आचार्य अत्रे यांनी त्यांना महाराष्ट्राचे मायकोव्हस्की म्हटले. पण ही पुस्तके वाचताना काही तरी उणे वाटत राहते. ओळी गळ्यासाठी घडविलेल्या आहेत आणि गळा आता नाही. अण्णाभाऊंच्या बाबतीत असे झाले नाही. फकिरा (१९५९) सारख्या कादंबऱ्यांनी त्यांना स्वतंत्र वाचकवर्ग मिळवून दिला. दोघांचाही मृत्यू सहा आठवड्यांच्या अंतराने झाला : अण्णाभाऊंचा मुंबईत, विपन्नावस्थेत, अमर शेखांचा इंदापूरजवळ मोटार अपघातात.

जगातील अन्य लोकसंगीताशी तुलना केल्यास ही हानी अधिक स्पष्ट होते. जमेका बेटावर किंग्स्टनच्या गरीब वस्तीत १९६३ मध्ये बॉब मार्ली, पीटर टॉश व बनी वेलर या तिघांनी ‘वेलर्स’ हे पथक उभारले आणि रेगे हा संगीतप्रकार जगभर नेला. तेथेही गुलामीचा इतिहास, वस्तीची भाषा व राजकीय रोष गाण्यात उतरला. तेथेही तिघांची फारकत (१९७४) झाली. मार्ली १९८१ मध्ये निवर्तले, तरी त्यांचा आवाज तबकड्यांवर शाबूत राहिला. २०१८ मध्ये ‘युनेस्को’ने रेगेची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. किंग्स्टनमध्ये गाणे मुद्रित करून विकणारा धंदा वस्तीच्या दारातच उभा होता. लाल बावट्याचे गाणे संपाच्या व सभेच्या गरजेपुरते उभे राही आणि मैदानाबरोबर विरून जाई. अमर शेखांचे जे ध्वनिमुद्रण उरले आहे, ते त्यांच्या मैदानी गायनाच्या मानाने फारच थोडे आहे.

तरीही परंपरा तुटली नाही. विलास घोगरे (मृ. १९९७) व संभाजी भगत हे मुंबईचे शाहीर आणि २००२ मध्ये पुण्यात स्थापन झालेला कबीर कला मंच यांनी डफ व पोवाडा यांचा वापर पुन्हा रस्त्यावरील प्रश्नांसाठी केला. त्यांच्या आशयात आंबेडकरी विचाराचा भाग मोठा असला, तरी उभे राहण्याची रीत, कथनातील थांबे आणि समूहाने धरावयाची झील यांत कलापथकाचा वळसा ओळखू येतो. अण्णाभाऊंच्या स्मरणार्थ २००२ मध्ये टपाल तिकीट निघाले आणि २०२२ मध्ये मॉस्को येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. गव्हाणकरांची नोंद मात्र बहुधा या दोघांच्या चरित्रांतील एखाद्या वाक्यापुरतीच आढळते. अमर शेखांच्या नावाचे अध्यासन मुंबई विद्यापीठात असून लोककलांच्या अध्ययनाशी ते निगडित आहे.