जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

देवळाचा जीर्णोद्धार, विहिरीचा जीर्णोद्धार हे शब्द आपल्या परिचयाचे आहेत. मोटारीचाही जीर्णोद्धार होतो असे म्हटले तर पुष्कळ भगिनींना हसू येईल. परंतु आमच्या घरी हे कार्य खरोखर झाले. त्या निमित्ताने मोटारीच्या इतिहासाचा जो थोडाबहुत अभ्यास घडला, तो स्मरणिकेत लिहावा असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. म्हणून हा लेखनप्रपंच.

मोटार म्हटली की ती पुरुषांची बाब, अशी आपली समजूत असते. इतिहास मात्र निराळे सांगतो. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी 1886 साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले, पण तिच्यावर लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा 1888 च्या ऑगस्टमध्ये त्यांची पत्नी बर्था हिने पतीला न सांगता दोन मुलांना बरोबर घेतले आणि मानहाइमहून फोर्झहाइम या आपल्या माहेरगावी ती मोटारीने निघाली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या टाचणीने मोकळी केली. विजेची तार उघडी पडली, ती मोज्याच्या पट्ट्याने बांधली. ब्रेक झिजला, तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. इंधन मिळाले ते औषधांच्या दुकानात! जगातला मोटारीचा हा पहिला लांबचा प्रवास, आणि वाटेवरची पहिली दुरुस्ती एका माहेरवाशिणीच्या हातची, हे आपण सर्वांनी ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे श्रीमंती मोटारी आल्या त्या बोटीने. त्या काळी रोल्स-रॉइससारखी कंपनी केवळ सांगाडा आणि इंजिन विकीत असे. वरचा साज गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे निराळे कारागीर चढवीत. लाकडाची चौकट, तिच्यावर पत्रा, आत कातड्याच्या गाद्या, असे ते काम असे. पुढे 1928 साली जनरल मोटर्स कंपनीने मुंबईत शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1947 पासून मोटारी बाहेर पडू लागल्या. म्हणजे आपल्या पालघरहून आगगाडीने काही तासांत जाता येईल अशा ठिकाणी या विद्येची पेठ होती.

संस्थानिकांच्या मोटारींची कथा वेगळी. आपल्या जिल्ह्यातले जव्हार संस्थान 1948 साली विलीन झाले, तशीच इतरही झाली. 1971 साली घटनादुरुस्तीने राजांचे तनखे बंद झाले. त्या सुमारास कित्येक राजेशाही मोटारी कवडीमोलाने विकल्या गेल्या व अनेक परदेशी गेल्या. कोल्हापूरकरांनी मात्र छत्रपती राजाराम महाराजांची 1936 सालची जर्मन बनावटीची मेबॅक मोटार जपली. दसऱ्याच्या शाही सोहळ्यात ती केशरी रंगाची मोटार आजही निघते आणि लोक कौतुकाने पाहतात. राजवाड्याला नोकरचाकर असतात, जागा असते. प्रश्न आहे तो तुमच्याआमच्यासारख्यांच्या घरात राहून गेलेल्या वस्तूंचा.

आमची मोटार 1938 सालची ब्यूक. आठ सिलिंडर एका ओळीत असलेले तिचे इंजिन. त्या काळी अशी मोटार मोठे डॉक्टर, वकील, पेढीवाले बाळगीत. मामंजींनी ती मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी म्हणून घेतली. वाडीतला भाजीपाला, लग्नाची वऱ्हाडे, अडलेल्या बाळंतिणी असे सर्व काही तिने वाहिले. 1973 नंतर पेट्रोलचे भाव कडाडले आणि ती पडवीत उभी राहिली ती राहिलीच. कोंबड्यांनी तिच्यात अंडी घातली, मुलांनी तिच्यात लपंडाव खेळला.

आपली किनारपट्टी लोखंडाची वैरीण आहे. गंज चढायला पाणी आणि हवा लागते, पण त्या पाण्यात मीठ असले की हे काम कितीतरी झपाट्याने होते. तारापूर काय, केळवे-माहीम काय, खाजणावरून येणारा वारा खिडकीच्या गजांची काय दशा करतो हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. तेव्हा चाळीस वर्षांनी ताडपत्री काढली, त्या वेळी तळाचा पत्रा पापडासारखा मोडत होता यात नवल नाही.

2016 च्या पावसाळ्यात घराचे छप्पर गळू लागले. भंगारवाला मोटारीचे रोख पैसे द्यायला तयार होता, आणि त्या पैशांत निदान पुढची पडवी शाकारून झाली असती. घरात दोन तट पडले. यजमानांचे म्हणणे, विकावी. भावोजी म्हणाले, एखादे जुने डिझेल इंजिन बसवू, स्वस्तात चालेल. सासूबाई तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “हृदय दुसऱ्याचे बसवलेत, तर ती तीच राहील काय?” छपरावर त्या वर्षी प्लास्टिकचा कागद घातला आणि मोटार राहिली. हा निर्णय सोपा नव्हता. दोन पावसाळे आम्ही घरात बादल्या मांडून काढले.

भावोजींच्या सूचनेत गैर काही नव्हते. महागाईच्या दिवसांत शेकडो अमेरिकन मोटारींना अशी डिझेल इंजिने बसविली गेली आणि त्यांवर कुटुंबे पोसली गेली. पण सासूबाईंचे बोलणे पुढे कायद्यानेही खरे ठरविले. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये जुन्या मोटारींच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि सांगाडा, साज किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेली गाडीच त्यांत बसते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. अशा नोंदणीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीची नोंदणी असल्यास जुना क्रमांक राखता येतो. मात्र अशी मोटार प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, इंधन यांखेरीज रोजच्या वापरात आणता येत नाही. ज्यांच्या घरी जुनी कागदपत्रे असतील त्यांनी ती वाळवीपासून जपावी. आमचे आर. सी. बुक सासूबाईंच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत सापडले.

आता कामाविषयी. पत्र्याचे काम बोईसरला झाले. काही सुटे भाग मुंबईच्या चोरबाजारात मिळाले. गाद्यांचे काम जाऊबाईंनी आणि मी शिवणयंत्रावर केले. जुनी कातडी उसवून तिचेच कागदी नमुने कापले, आत काथ्या आणि कापूस भरला. खरी अडचण आली ती इंजिनाच्या पोटात.

आजच्या इंजिनात दट्ट्याच्या दांड्याखाली तयार पातळ वाट्या बसवितात. झिजल्या की काढून नव्या घालायच्या. आमच्या ब्यूकसारख्या जुन्या इंजिनात तेथे पांढरा धातू ओतून घट्ट केलेला असतो. त्यात मुख्यतः कथील, जोडीला अँटिमनी व तांबे. हे ओतकाम जाणणारे एक वृद्ध मिस्त्री पुष्कळ शोधाअंती मिळाले. त्यांची दृष्टी अधू झाली होती, म्हणून त्यांनी आमच्या अंगणातच भट्टी लावली आणि माझ्या मुलीला हाताशी घेतले. दांडा तापवून त्यांनी नवसागर टाकला, आधी कथलाचा पातळ हात फिरविला. धूर उठताच सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, “अहो, हे तर कल्हईवाल्याचे काम!”

अगदी तेच होते. तांब्यापितळेच्या भांड्याला कल्हई लावताना नवसागर आणि कथील वापरतात, तीच ही पहिली पायरी. मग रस ओतण्याआधी मिस्त्रींनी त्यात लाकडाची काडी बुडवून तिचा रंग पाहिला. काडी तपकिरी झाली म्हणजे ताव बरोबर, काळी पडली तर जास्त. आपण तेल तापले का हे मोहरी टाकून पाहतो, तसेच हे. ओतल्यावर बोईसरच्या एका लेथवर आतला गोल कातून घेतला. शेवटी निळा रंग लावून, जिथे टेकतो तिथे हाताने खरवडून, पुन्हा टेकवून पाहायचे. आठ दांड्यांना अकरा दिवस लागले.

या अकरा दिवसांत मला एक गोष्ट उमगली. स्टेनलेसची भांडी आली आणि दारावरचा कल्हईवाला गेला. तयार वाट्या आल्या आणि ओतकाम करणारा मिस्त्री गेला. दोघांनाही कोणी हाकलले नाही; आपल्याला त्यांची गरज उरली नाही, इतकेच. मिस्त्रींची स्वतःची मुले कारखान्यात चांगल्या पगारावर आहेत, आणि त्यात वावगे काय? पण मोटारी उरतील आणि त्या दुरुस्त करणारे हात उरणार नाहीत, तर उरलेल्या मोटारी म्हणजे नुसत्या मूर्ती होतील. मोटारीचे नाव मालकाच्या नावावर चालते. खरे पाहता ती जिवंत राहते मिस्त्रीच्या, लोहाराच्या, शिवणाऱ्या बाईच्या हातांवर.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघाने 2012 साली ट्यूरिन सनद म्हणून एक नियमावली स्वीकारली. तिचा मथितार्थ असा की लागेल तेवढेच बदलावे, जे मूळचे टिकते ते ठेवावे आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवावी. गोधडी शिवणाऱ्या आपल्या आज्यांना हे सांगावे लागले नसते. आम्ही मागील दाराची पोचट जागा तशीच ठेवली आहे. एका वऱ्हाडात फणसाच्या पाटीने ती पडली, असे सासूबाई सांगत.

2022 च्या माघात मोटार सुरू झाली. सासूबाईंनी पुढच्या आसनावर बसून पालघरपर्यंत फेरी केली. त्यानंतरच्या वर्षी त्या गेल्या. मिस्त्रींनीही आता काम सोडले आहे. त्यांनी सांगितलेले सर्व माझ्या मुलीने एका वहीत लिहून घेतले आहे, धातूंची वजने, काडीचा रंग, खरवडण्याची रीत, आकृत्यांसह. गेल्या वर्षी डहाणूकडच्या एका गृहस्थांचे जुने इंजिन तिने त्या वहीवरून ओतून दिले.

भगिनींनो, तुमच्या घरी ब्यूक नसेल. पण आजेसासूबाईंचे शिवणयंत्र असेल, घड्याळ असेल, घरगुती तेलघाणा असेल. ते दुरुस्त करणारा माणूस हयात असेल, तर त्याच्यापाशी एक दुपार बसा आणि वही बरोबर न्या.