वहीतले बारीक अक्षर

माझे एक चुलते निपाणी भागातले. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात हमरस्त्यावर ठाण मांडून बसलेले, आवाज खणखणीत. तंबाखूचा हिशेब स्वतः लिहीत. उतारवयात त्या वहीतले अक्षर ओळीगणिक बारीक होत गेले. मुलांच्या वह्या तपासण्यात जन्म गेला, तरी मी ‘चष्मा बदला’ म्हणून मोकळा झालो! पुढे मांडीवर निवांत ठेवलेला उजवा हात कापू लागला. तो ते धोतराच्या सोग्यात लपवीत. कोणी म्हणे वय झाले, कोणी बाहेरची बाधा. शेजारचे कन्नड मास्तर ‘नडुक’ म्हणत. डॉक्टर गाठेपर्यंत तीन वर्षे गेली.

बेळगावचा किल्ला इंग्रजांनी १८१८ मध्ये घेतला. त्याच्या आदल्याच वर्षी लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी या कंपाची पुस्तिका लिहिली. तीत रोगी अवघे सहा, आणि त्यांतले काही तर रस्त्यात पाहिलेले! हा रोग आधी डोळ्यांनीच ओळखायचा असतो. एका बाजूने सुरू होणारा कंप, मंदावलेली हालचाल, ताठरपणा, चालताना न हलणारा हात. वास न येणे आणि बद्धकोष्ठ तर कधी कधी कित्येक वर्षे आधीपासून. कंप नसलेले रोगीही असतात.

आपले वैद्य याला कंपवात म्हणत आले. पोरे एकमेकांच्या सदऱ्यात टाकतात ती खाजकुइली, कन्नडमध्ये नसुगुन्नी; तिच्या बियांतून मद्रासच्या संशोधकांनी १९३७ मध्ये लेव्होडोपा वेगळे काढले. मेंदूत कमी पडणारे डोपामिन त्यातून तयार होते, हा उपयोग मात्र पुढे उमगला. १९६७ मध्ये अमेरिकेत कोट्झियास यांनी वाढत्या मात्रेने रोगी हिंडते केले. १९७८ मध्ये मुंबईत डॉ. अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी बियांचे चूर्णच रोग्यांना देऊन पाहिले. म्हणून कुंपणावरच्या शेंगा कुटून खाऊ नयेत. मात्रेचा अंदाज राहत नाही. (धूम्रपान करणाऱ्यांत हा रोग कमी आढळतो, असे पाहण्या सांगतात. निपाणीकरांनी हुरळून जाऊ नये. कॅन्सर टपलेलाच आहे.)

रोग मुळासकट जात नाही, पण गोळ्यांनी आणि रोजच्या व्यायामाने माणूस हिंडता राहतो. गोळी घड्याळाच्या काट्यावर, बहुधा जेवणाआधी अर्धा तास; डाळ-दुधाबरोबर ती नीट लागू पडत नाही. आपल्या मनाने ती एकाएकी बंद करणे धोक्याचे.

चुलत्यांचे पाय उंबऱ्याशी खिळत. डॉक्टरांच्या सांगण्यावरून नातीने सोप्यात खडूने आडव्या रेघा ओढल्या. त्या ओलांडत ते अंगणापर्यंत जात. रेघा पुसल्या की मला निरोप येई, “सर, खडू आणा.”