साउंडवाल्या पोरांनो, फिजिक्स सोडू नका

आपल्या धर्मापुरीत लग्नसराईला मिक्सरवर बसलेली पोरं मी कायम बघतो. माइकनं शिट्टी मारली की कानानं ओळखून क्षणात गप्प करतात. घरचे मात्र म्हणतात, "हे काय शिक्षण आहे व्हय?"

मंडळी, इतिहास वेगळंच सांगतो. १९३१ ला 'आलम आरा' आला अन् सिनेमा बोलायला लागला. १९३२ ला कोल्हापूरच्या प्रभात कंपनीनं 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट काढला. त्याचं ध्वनिमुद्रण विष्णुपंत दामले यांनी सांभाळलं. मूळचे पडदे रंगवणारे कलावंत. आवाजाचं काम करता करताच शिकले. १९३३ ला प्रभात पुण्यात आली. पुढं त्याच जागेत १९६० ला सरकारनं फिल्म इन्स्टिट्यूट काढली. केरळातल्या खेड्यातले रसूल पूकुट्टी तिथंच ध्वनी शिकले आणि २००९ ला त्यांना ऑस्कर मिळालं.

आता मुद्द्याचं. तिथल्या तीन वर्षांच्या ध्वनी अभ्यासक्रमाला कुठलीही पदवी चालते, पण बारावीला फिजिक्स लागतं. आपल्याकडं नेमकं अकरावीलाच ते सुटतं अन् दार बंद होतं. स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजते, हेही फिजिक्सच की! पोरं ते रोज हातानं करतात, फक्त पुस्तकात बघितलेलं नसतं.

सिनेमा, रेडिओ, डबिंग, ऑडिओबुक, सगळीकडं असे कान लागतात. पालकांनो, अकरावीचा फॉर्म भरण्याआधी मिक्सरवरच्या पोराशी एकदा बोला.