मुठीतली दुनिया कोणाच्या मालकीची?

नवी मुंबईतील ठाणे-बेलापूर रस्ता हा मुळात कारखान्यांचा रस्ता. रसायने, औषधे आणि यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांमुळे तो गजबजला. गेल्या पंचवीसएक वर्षांत मात्र याच रस्त्यालगत ट्रकमध्ये भरून नेता न येणाऱ्या मालाचा व्यापार उभा राहिला. फोनवरचे संभाषण, गाणी, चित्रपट आणि खेळ हा तो माल. कोपरखैरणे येथील धीरूभाई अंबानी नॉलेज सिटीतून रिलायन्स इन्फोकॉमचा कारभार चालला, तर शेजारच्या घणसोलीतील रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमधून पुढे जिओचा. ही दोन ठिकाणे रेल्वेच्या एका स्थानकाच्या अंतरावर आहेत. परंतु एका कंपनीच्या उदयापासून दुसरीच्या उदयापर्यंतच्या काळात सर्वसामान्य ग्राहकाचे वस्तूशी असलेले नाते पार बदलून गेले.

पूर्वी ग्राहक वस्तू विकत घेत असे. आज तो बहुतेकदा तिचा वापर भाड्याने घेतो. हा बदल इतका हळूहळू झाला, की त्याची चर्चा फारशी झाली नाही. घरोघरी आणि लोकलच्या डब्यात मात्र तीन मते हमखास ऐकू येतात. कॅसेटच्या आवाजाची सर आजच्या गाण्यांना नाही, हे पहिले. आता सगळे फुकट मिळते, हे दुसरे. मोबाइलवरचे खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, हे तिसरे. तिन्ही मतांत काही तथ्य आहे. परंतु त्यांच्या मुळाशी असलेला मालकीचा प्रश्न त्यात सहसा येत नाही.

शोकेसमधले संगीत

सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. तिने वसवलेल्या वाशी, नेरूळ, बेलापूरच्या घरांत मुंबईच्या चाळींतून आणि भाड्याच्या खोल्यांतून आलेली अनेक कुटुंबे राहायला आली, तो काळ कॅसेटचा होता. फिलिप्स कंपनीने कॉम्पॅक्ट कॅसेट १९६३ मध्ये बाजारात आणली आणि सोनीचा वॉकमन १९७९ मध्ये आला. भारतात ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या आणि टू-इन-वन ही मध्यमवर्गीय घरातली मानाची वस्तू ठरली. १९९२ मध्ये मानखुर्द-वाशी रेल्वे सुरू झाल्यावर नवी मुंबईकरांच्या दिवसात लोकलच्या प्रवासाचा मोठा वेळ आला आणि त्या वेळेला वॉकमनची सोबत मिळाली.

कॅसेटचा आवाज खरोखर चांगला होता काय? तांत्रिकदृष्ट्या याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते. चुंबकीय फितीवर मूळचीच एक खरखर असे, हेडवर मळ साचला की आवाज दबका होई आणि उन्हाळ्यात फीत गुंतली की पेन्सिल घेऊन बसावे लागे. १९८२ मध्ये आलेल्या सीडीत आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात. त्या तुलनेत कॅसेट बरीच मागे होती.

मात्र या मतामागची भावना निराधार नाही. सीडीनंतर आलेल्या एमपीथ्रीने आवाजाचा बराच भाग गाळला. चार मिनिटांचे गाणे सीडीवर सुमारे ४२ एमबी जागा घेते. १२८ केबीपीएस दर्जाच्या एमपीथ्रीत तेच गाणे चार एमबीच्या आत बसते. कानाला सहसा जाणवणार नाही असा भाग वगळण्याची ही युक्ती आहे. दीडशेहून अधिक गाणी एकाच सीडीवर भरून ती पदपथावर विकली जाऊ लागली, ती या युक्तीच्या बळावर. हा व्यवहार बहुतांशी बेकायदा होता. त्याची झळ दुकानदारांना बसली आणि पुढे इंटरनेटने उरलेसुरले काम पूर्ण केले. मुंबईतील काळा घोडा येथील ऱ्हिदम हाऊससारखे नामांकित दुकानही २०१६ मध्ये बंद झाले.

कॅसेटला एक गुण मात्र निश्चित होता. ती विकत घेतली की घेणाऱ्याची होई. ती शेजाऱ्याला देता येई, गावी नेता येई आणि कंपनी बुडाली तरी वाजवता येई.

कोपरखैरण्याचा फोन

रिलायन्स इन्फोकॉमने २८ डिसेंबर २००२ रोजी, धीरूभाई अंबानी यांच्या सत्तराव्या जयंतीदिनी, मोबाइल सेवेची घोषणा केली. जाहिरातीत दुनिया मुठीत घेण्याचे आवाहन होते. २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून हँडसेट घरी नेण्याची योजना आली आणि फोन ही श्रीमंतांची चैन उरली नाही. रिक्षाचालक, भाजीविक्रेते, प्लंबर यांच्या हाती फोन आला. या योजनेचे श्रेय नाकारता येणार नाही.

या फोनचे तंत्रज्ञान सीडीएमए होते. जीएसएम फोनमध्ये ग्राहकाची ओळख सिमकार्डात असते. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले की क्रमांक त्या फोनवर येतो. रिलायन्सच्या सुरुवातीच्या हँडसेटमध्ये सिमच नव्हते. क्रमांक थेट हँडसेटमध्ये नोंदवलेला असे. आर-वर्ल्ड या सेवेतून गाणी, बातम्या आणि खेळ मिळत, तेही त्याच हँडसेटवर. वस्तू आणि सेवा यांची अशी गाठ सर्वसामान्य भारतीय ग्राहकाने मोठ्या प्रमाणावर प्रथम अनुभवली ती या फोनवर.

याच सुमारास रिंगटोन आणि कॉलर ट्यून यांचा धंदा भरभराटीस आला. कॉलर ट्यूनची गंमत अशी, की पैसे भरणाऱ्याला ते गाणे स्वतः ऐकूही येत नसे. ते ऐकू येई फोन करणाऱ्याला. शिवाय भाडे दरमहा कापले जाई. न मागितलेल्या सेवांचे पैसे कापले जात असल्याच्या तक्रारी देशभर वाढल्या, तेव्हा दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, अशी सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दोनदा संमती घेण्याचे बंधन घातले.

अंबानी बंधूंच्या वाटणीनंतर ही कंपनी रिलायन्स कम्युनिकेशन्स या नावाने चालली. वाढते कर्ज आणि स्पर्धा यांत ती मागे पडली. २०१६ मध्ये सीडीएमए सेवा आवरती घेण्यास सुरुवात झाली आणि १ डिसेंबर २०१७ पासून तिची मोबाइल कॉलसेवा थांबली. ज्यांच्याकडे जुने सीडीएमए हँडसेट उरले होते, त्यांच्या हाती चालू स्थितीतील पण निरुपयोगी यंत्र राहिले. क्रमांक मात्र वाचला. २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झालेल्या नंबर पोर्टेबिलिटीमुळे ग्राहक आपला क्रमांक घेऊन दुसऱ्या कंपनीकडे जाऊ शकले. कंपनी तीच आणि ग्राहकही तोच. पण नियमाने जे ग्राहकाला दिले होते ते टिकले आणि जे दिले नव्हते ते गेले.

घणसोलीचे फुकट

जिओची सेवा ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाली आणि ३१ मार्च २०१७ पर्यंत ती मोफत होती. अवघ्या १७० दिवसांत दहा कोटी ग्राहक झाल्याचे कंपनीने फेब्रुवारी २०१७ मध्ये जाहीर केले. गाणी उतरवून घेऊन साठवण्याची सवय या काळात झपाट्याने मागे पडली; लागेल तेव्हा लागेल ते ऐकण्याची सवय जडली. जुलै २०१७ मध्ये १,५०० रुपयांच्या अनामतीवर जिओफोन देण्याची घोषणा झाली. तीन वर्षांनी अनामत परत मिळण्याची अट त्यात होती आणि त्या फोनमध्ये जिओचेच सिम चाले. चौदा वर्षांपूर्वीच्या कोपरखैरण्याच्या योजनेशी असलेले त्याचे साम्य लपणारे नव्हते.

‘आता सगळे फुकट मिळते’ या मताची कसोटी येथे लागते. जुलै २०२४ मध्ये जिओसह प्रमुख कंपन्यांनी दर वाढवले. डेटाचे पैसे, जाहिराती पाहण्यात जाणारा वेळ आणि जाहिरातमुक्त ऐकण्याचे मासिक शुल्क अशा तीन रूपांत ग्राहक मोल चुकवतोच. या सेवाही कायमच्या नसतात. रेसो ही संगीतसेवा भारतात जानेवारी २०२४ अखेर बंद झाली आणि विंक म्युझिक गुंडाळण्याचा निर्णय एअरटेलने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर केला. वर्षानुवर्षे निगुतीने लावलेली गाण्यांची यादी सोडून श्रोत्यांना दुसरीकडे बिऱ्हाड हलवावे लागले.

या व्यवस्थेचे लाभही मान्य केले पाहिजेत. ज्या जुन्या नाट्यपदांच्या तबकड्यांसाठी चोरबाजार पालथा घालावा लागे, त्यांतील कितीतरी आज खारघरच्या घरात बसून क्षणात ऐकता येतात. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातील वाटा सुरक्षित केला. गाण्याचा प्रत्येक वापर मोजता येत असल्याने तो वाटा काढणेही आता शक्य झाले आहे.

तरीही वस्तूची ओढ संपलेली नाही. जिओफोन आला त्याच वर्षी, २०१७ मध्ये, सारेगामा कंपनीने ५,००० जुनी हिंदी गाणी भरलेला ‘कारवाँ’ बाजारात आणला. पुढे त्याची मराठी आवृत्तीही निघाली. तीच गाणी मोबाइलवर उपलब्ध असताना लोकांनी हे यंत्र आई-वडिलांना भेट देण्यासाठी विकत घेतले. इंटरनेट नसले तरी कळ फिरवली की गाणे लागते, एवढी एक खात्री त्यात होती.

खेळाचे भाडेकरू

नव्वदच्या दशकात दूरचित्रवाणी संचाला जोडायचे व्हिडिओ गेम घराघरांत आले. त्यात घालायच्या कार्ट्रिजलाही मुले कॅसेटच म्हणत. मारिओ आणि कॉन्ट्रा यांच्या कॅसेट मित्रांत फिरत, दुकानातून दिवसाच्या भाड्यावरही मिळत. नंतर सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन काउंटर-स्ट्राइक खेळण्याचे दिवस आले. नोकियाच्या फोनमधला साप १९९७ पासून वळवळत होताच.

स्मार्टफोनवरील खेळांचे गणित निराळे आहे. पबजी मोबाइल २०१८ मध्ये आला आणि येथील महाविद्यालयीन तरुणांत कमालीचा लोकप्रिय झाला. खेळ मोफत होता. आतले पोशाख आणि शस्त्रांची सजावट पैशांची होती. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी होता. जुलै २०२१ मध्ये तो नव्या नावाने भारतात परतला आणि जुन्या खात्यातील साठा हलवण्याची सोय देण्यात आली. जुलै २०२२ मध्ये तोही ॲप स्टोअरमधून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. बंदीमागची सुरक्षेची कारणे क्षणभर बाजूला ठेवली, तरी खेळाडूच्या बाजूने चित्र स्पष्ट दिसते. पैसे मोजून घेतलेली वस्तू त्याच्या ताब्यात कधीच नव्हती.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांचा प्रश्न याहून गंभीर होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने अशा खेळांना मनाई केली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. म्हणूनच वेळेचा अपव्यय हा शेरा अपुरा ठरतो. वेळ मुलाचा जातो हे खरेच. पण पालकाच्या खात्यातून काय जाते आणि त्या बदल्यात घरात काय उरते, हेही विचारले पाहिजे.

ढग जमिनीवरच असतो

गाणी आणि खेळ ‘क्लाउड’वर असतात असे म्हटले जाते. हा ढग म्हणजे प्रत्यक्षात सिमेंटच्या इमारती आहेत आणि त्यांतील कितीतरी नवी मुंबईत आहेत. महापे, रबाळे आणि ऐरोलीच्या पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहिली; पनवेल येथे योट्टा कंपनीचे मोठे केंद्र २०२० मध्ये सुरू झाले. अखंड वीज ही त्यांची पहिली गरज असते. ज्या औद्योगिक पट्ट्यातून एकेकाळी धूर निघे, तेथे आता बंद दारांआड सर्व्हर थंड ठेवण्याचे काम रात्रंदिवस चालते.

याच शहरात संगीताचे दुसरे टोकही दिसते. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर डिसेंबर २०१९ मध्ये यू-टू आणि जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले यांचे कार्यक्रम झाले. कोल्डप्लेची तिकिटे अडीच हजार रुपयांपासून पुढे होती आणि त्यांसाठी झुंबड उडाली. गाण्यासाठी महिन्याला शंभर रुपये देताना कुरकुरणारा श्रोता एका संध्याकाळसाठी हजारो रुपये मोजतो, याचा अर्थ लोकांना संगीताचे मोल वाटत नाही असा काढता येणार नाही.

ग्राहकाने काय पाहावे

भाड्याची व्यवस्था मोडीत निघण्याची चिन्हे नाहीत. तेव्हा भाडेकरूने करारनामा वाचून घेणे शहाणपणाचे. फोन स्वस्त असेल तर त्यात दुसऱ्या कंपनीचे सिम चालते का, हे आधी विचारावे. उतरवून घेतलेले गाणे वर्गणी संपल्यावरही वाजेल का, हे तपासावे. बहुतेक संगीतसेवांत ते वाजत नाही. फोनला सॉफ्टवेअरची अद्ययावत आवृत्ती किती वर्षे मिळणार, याची चौकशी करावी. घरच्या समारंभांची ध्वनिमुद्रणे आणि छायाचित्रे यांची एक प्रत स्वतःच्या पेन ड्राइव्ह अथवा हार्ड डिस्कवर ठेवावी.

दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहेत. त्यानुसार रक्कम कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना येते. ती न वाचता पुसून टाकू नये. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला. ऑनलाइन खरेदी आणि सेवाही त्याच्या कक्षेत येतात. सेवा मध्येच बंद झाली अथवा पैसे चुकीचे कापले गेले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. अशा तक्रारीसाठी पावती, संदेश आणि व्यवहाराची तारीख जपून ठेवणे आवश्यक असते.