पोषग्रंथी-अर्बुद शस्त्रक्रिया : रुग्णाचे जीवनमान

मेंदूच्या तळाशी, कवटीच्या हाडातील खळग्यात असलेल्या पोषग्रंथीतील (रूढ नाव पिट्युटरी) गाठ काढल्यानंतर रुग्णाचे रोजचे आयुष्य कसे जाते, याचा विचार या विषयात होतो. ग्रंथीचे वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. पण थायरॉइड, अधिवृक्क व बीजग्रंथी यांचे काम, शरीराची वाढ आणि पाण्याचा समतोल तिच्या हाती असतो. या गाठी बहुधा कर्करोगाच्या नसतात. त्यामुळे रुग्ण जगला की नाही एवढ्यावर हिशेब संपत नाही. तो कसा जगतो, हे महत्त्वाचे ठरते.

प्रमाण : बेल्जियममधील लीएज परिसरातील पाहणीत (२००६) साधारण १,०६४ व्यक्तींमागे एकाला लक्षणे देणारी गाठ आढळली. हे प्रमाण लागू धरले, तर जळगाव जिल्ह्यातील सुमारे २६ हजार वस्तीच्या (२०११) फैजपुरात असे वीस-पंचवीस रुग्ण असावेत. सर्वांना शस्त्रक्रिया लागत नाही. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक स्रवणाऱ्या गाठी बहुतेक वेळा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आटोक्यात येतात.

शस्त्रक्रिया : हेर्मान श्लोफर यांनी १९०७ मध्ये इन्सब्रुक येथे नाकाच्या मार्गाने ही गाठ प्रथम काढली. हार्वे कुशिंग यांनी ही वाट रूढ केली व पुढे स्वतःच सोडली. १९६० च्या दशकात माँट्रियलच्या ज्यूल आर्दी यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने तिला पुन्हा मान मिळवून दिला. १९९० नंतर दुर्बीण (एंडोस्कोप) आली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील अतुल गोयल व सहकाऱ्यांनी ११८ महाकाय गाठींवरील अनुभव २००४ मध्ये प्रसिद्ध केला. खर्चासाठी राज्य शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत धुळे होते. जळगावला ती पुढच्या वर्षी आली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. शस्त्रक्रियेचा भार योजना उचलू शकते. पुढील गोळ्या, रक्ततपासण्या आणि भुसावळहून मुंबईच्या खेपा यांचा खर्च मात्र बहुधा घरावरच येतो, आणि जीवनमान ठरते ते तिथेच.

मोजमाप : सर्वसाधारण आजारांसाठीची ३६ प्रश्नांची एस. एफ.-३६ ही प्रश्नावली येथेही वापरतात. ॲक्रोमेगॅलीसाठी (हातपाय, जबडा वाढण्याचा विकार) ॲक्रोक्यूओएल ही २२ प्रश्नांची खास प्रश्नावली बार्सिलोनाच्या सुसान वेब व झेवियर बादिया यांच्या गटाने तयार केली. आठ प्रश्न शारीरिक त्रासांचे, चौदा मनाचे. त्या चौदांतले निम्मे रूपाविषयी, निम्मे नातेसंबंधांविषयी. कुशिंग विकारासाठी (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक अति होण्याचा विकार) १२ प्रश्नांची प्रश्नावली २००८ मध्ये आली. ही साधने उपयुक्त आहेत, पण ती युरोपातील रुग्णांच्या आयुष्यावर बेतलेली आहेत. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणारे ऊन, निर्जळी उपास, केळीचा घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत नेण्याची मजुरी यांविषयी त्यांत काही विचारलेले नाही. जळगाव जिल्ह्याच्या यावल-रावेर पट्ट्यातील रुग्णाचे गुण त्यामुळे जपूनच वाचावेत.

पहिले पंधरा दिवस : धोक्याचा एक काळ रुग्ण घरी परतल्यानंतर येतो. साधारण चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान काहींच्या रक्तातील सोडियम घसरते. डोके दुखते, मळमळते, सुस्ती येते. घरचे त्याला ऑपरेशनचा अशक्तपणा समजतात आणि मायेने नारळपाणी, सरबत, तांब्याभर पाणी पाजतात. त्याने सोडियम आणखी उतरते. सातव्या दिवशी एक रक्ततपासणी केली, तर हा प्रसंग बहुधा टळतो. ती जळगाव-भुसावळला सहज होते, तेवढ्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव, विशेषतः पुढे वाकल्यावर, ठिबकू लागला तर तो सर्दीचा समजू नये. मेंदूभोवतीचे पाणी गळत असण्याची शक्यता असते. सुमारे दीड महिना ओझे उचलणे, जोराने नाक शिंकरणे आणि शौचाला कुंथणे वर्ज्य. रोजंदारीवरील मजुराला हा दीड महिना कसा काढायचा, याचे उत्तर डिस्चार्ज कार्डावर नसते.

दीर्घकालीन स्थिती : गाठीचा डोळ्यांच्या नसांवरचा दाब उतरल्याने कडेचे दिसणे पुष्कळांचे सुधारते, कधी काही दिवसांतच. ॲक्रोमेगॅलीत बोटांची सूज ओसरून अंगठी सैल होते. वाढलेला जबडा व झिजलेले सांधे मात्र तसेच राहतात. कुशिंग विकारात गाठ पूर्ण निघाली की शरीरातील कॉर्टिसॉल एकदम कोसळते. अंग मोडून येते, सांधे दुखतात, रुग्णाला आधीपेक्षा वाईट वाटते, आणि हे कित्येक महिने चालते. ती बहुधा गुण आल्याची खूण असते. आधी सांगितलेले नसेल तर घरात ऑपरेशन फसल्याची चर्चा सुरू होते.

ग्रंथीचा निरोगी भाग दुखावला असेल, तर प्रेडनिसोलोन किंवा हायड्रोकॉर्टिसोन व थायरॉइडची गोळी दीर्घकाळ, अनेकदा जन्मभर घ्यावी लागते. ‘स्टेरॉइड वाईट’ या ऐकीव भीतीने गोळी बंद करणे जिवावर बेतू शकते. ताप आला तर डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे स्टेरॉइडची मात्रा वाढवायची. उलट्या होऊन गोळी पोटात ठरत नसेल, तर लगेच इंजेक्शन. आषाढी एकादशी असो वा रोजा, उपास धरण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. ज्यांना वारंवार लघवीला होते व डेस्मोप्रेसिन हे लघवी आवरणारे औषध चालू आहे, त्यांनी उन्हाळ्यात तहानेप्रमाणे पाणी प्यावे, सवयीने वा आग्रहाने नव्हे.

नाक व वास : खपल्या, कोंदटपणा काही आठवडे ते महिने राहतो. वास जाणे ही शल्यचिकित्सकाच्या नोंदीत किरकोळ बाब. पण भरतासाठी बामणोदचे वांगे पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) भाजताना ज्याला घरभर पसरलेला वास येत नाही, त्याची जेवणावरची वासनाच उडते. बऱ्याच जणांचा वास परततो, काहींचा नाही.

प्रजनन : पाळी परतणे व मूल होणे अनेकींना शक्य असते. पुरुष लैंगिक तक्रार स्वतःहून सांगत नाहीत. ती विचारावी लागते.

मन : खिन्नता, थकवा व विस्मरण संप्रेरके सुधारल्यावरही काहींत टिकतात.

किरणोपचार : उरलेल्या वा पुन्हा वाढणाऱ्या गाठीसाठी ते देतात. त्यानंतर ग्रंथीचे काम अनेक वर्षांनीही मंदावू शकत असल्याने तपासण्या चालू ठेवाव्या लागतात.