गोष्ट माहीत असलेला प्रेक्षक

तळेऱ्याला मुंबई-गोवा महामार्गावरून एक फाटा विजयदुर्गाकडे जातो, दुसरा गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूरकडे. या मुलखात सिनेमा येण्याच्या कितीतरी आधीपासून त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास देवळांच्या जत्रा सुरू झाल्या की दशावतारी मंडळी गावोगाव फिरत. त्यांच्या नाटकाला लिहिलेली संहिता नसे. आख्यान ठरे, भूमिका वाटल्या जात, आणि संवाद नट उभ्याउभ्या रचत. कीचकाचं पुढे काय होणार हे समोरच्या आबालवृद्धांना ठाऊक असे, तरी माणसं पहाटेपर्यंत हलत नसत. आजचा भीम काय बोलतो, हे त्यांना ऐकायचं असे. कादंबरीवरचा सिनेमा पाहण्याआधी कादंबरी वाचावी, असं माझं म्हणणं आहे. ती आधी वाचली तर सिनेमातली मजा जाते, हा त्यावरचा आक्षेप म्हणूनच या भागात टिकत नाही. इथला प्रेक्षक गोष्ट जाणूनच नाटकाला बसत आला आहे.

मग क्रम कुठलाही चालेल, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. दशावतारात भीमाचा नट बदलत राहतो, त्यामुळे एकच चेहरा मनात कायमचा बसत नाही. सिनेमा मात्र एकदा ठरवलेला चेहरा आणि एकदा निवडलेली जागा पक्की करून टाकतो. चिं. त्र्यं. खानोलकरांची ‘कोंडुरा’ हे याचं जवळचं उदाहरण. खानोलकर १९३० साली वेंगुर्ल्याजवळच्या बागलांची राई या गावी जन्मले, आणि कोंडुरा हे त्याच तालुक्याच्या किनाऱ्यावरचं ठिकाण. १९६६च्या या कादंबरीवर श्याम बेनेगलांनी १९७८ साली हिंदी आणि तेलुगू अशा दोन भाषांत चित्रपट केला, तो आंध्रच्या भूमीवर नेऊन. नायक परशुरामाच्या भूमिकेत अनंत नाग, कोंडुरा स्वामी म्हणून अमरीश पुरी. चित्रपट मोलाचा आहे, आणि कथा दुसऱ्या मातीत रुजवण्याचा दिग्दर्शकाचा हक्कही मला मान्य आहे. पण तो आधी पाहिलेल्या वाचकाला पुढे पुस्तक उघडल्यावर आंध्रचं गाव पुसून तिथे वेंगुर्ल्याचा समुद्र आणावा लागतो, आणि अमरीश पुरींचा चेहरा तर पुसता पुसत नाही. आधी वाचलेल्याकडे स्वतःचा कोंडुरा असतो. बेनेगलांचा तो शेजारी ठेवून पाहू शकतो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप साक्षरतेचा आहे. साने गुरुजींचं ‘श्यामची आई’ १९३५चं, अत्र्यांचा चित्रपट १९५३चा. १९५१च्या जनगणनेत देशात साक्षर होते जेमतेम १८ टक्के. अक्षरओळख नसलेल्या असंख्य माणसांना ही आई पडद्यावरच भेटली असणार, आणि त्यांना ‘आधी वाचा’ म्हणणं क्रूरपणाचं झालं असतं. माझा आग्रह पुस्तक हाताशी असणाऱ्यांपुरता आहे. तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. या पुस्तकाची मांडणीच अशी आहे की श्याम रोज रात्री सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो. घरातल्या एकाला वाचता येत असलं, तरी सगळ्या घराला ते ऐकता येतं.