वैद्याची खंत

धुळ्याहून मुंबई-आग्रा मार्गाने उत्तरेकडे निघाले म्हणजे सुमारे वीस किलोमीटरांवर सोनगीर लागते. माथ्यावर जुना किल्ला आणि गावात तांब्यापितळेच्या भांड्यांचा पिढीजात धंदा, अशी या गावाची ख्याती आहे. तांबटाचे कसब, त्याचा हातोडा आणि त्याची भट्टी ही एकाच छपराखाली असतात. म्हणून हंडा ठोकून पुरा झाला की त्याला कृतार्थता वाटते. डॉक्टराच्या वाट्यास हे सुख क्वचितच येते. विद्या त्याची, पण औषधे, उपकरणे आणि परिचारिका पुरविणे दुसऱ्यांच्या हाती. अपयश मात्र त्याच्या एकट्याचे! कित्येक डॉक्टर आपल्या व्यवसायाविषयी असंतुष्ट का असतात, याचे एक मूळ या विसंगतीत आहे.

ही विसंगती आजची नव्हे. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल सादर केला. त्या काळी हिंदुस्थानात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका, असे प्रमाण होते. डॉक्टरांत पदवीधर थोडे आणि लायसेन्शिएट अधिक. दोघेही रोगीच तपाशीत. परंतु लायसेन्शिएटांचा मान कमी व वेतनही कमी. शिवाय बहुतेक डॉक्टर शहरांत राहत. खेड्यात जाणारा एकाकी पडे. समितीने हा दुय्यम अभ्यासक्रम बंद करावा, अशी शिफारस केली. पुढे दर्जाची तक्रार मिटली, साधनांची मात्र उरली.

तिचे दारुण प्रत्यंतर धुळ्यासच आले. मार्च २०१७ मध्ये अपघातात डोक्यास मार लागलेला एक रुग्ण तेथील शासकीय रुग्णालयात आणण्यात आला. मेंदूचा शल्यविशारद तेथे नव्हता. म्हणून कर्तव्यावरील तरुण निवासी डॉक्टराने रुग्णास अन्यत्र हलविण्याचा सल्ला दिला. संतप्त नातेवाइकांनी त्यास इतके मारले की, त्याच्या एका डोळ्यास गंभीर इजा झाली. लवकरच राज्यभरच्या निवासी डॉक्टरांनी काम थांबविले. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा २०१० पासून होता. कायदा होता, शल्यविशारद नव्हता. नातेवाइकांचा शोक खरा होता. परंतु ज्या उणिवेने तो ओढवला, तिचा धनी तो तरुण नव्हता.

वैद्यास देव मानण्याची आपली रीत जुनी आहे. परंतु देवत्व देऊन साधने न देणे, हा सन्मान नव्हे. भट्टी विझवून तांबटाकडे हंडा मागू नये, हे सोनगिरात कोणासही सांगावे लागत नाही.